किडीला म्हणे साखर पचत नाही! मावा, चिकटा आणि पिकातल्या गोडीची भानगड

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मागच्या आठवड्यात मानवतहून एक यंत्र आणलं. ऊस तोडायच्या आधी कारखान्याची माणसं डोळ्याला लावून बघतात ना, ती नळी, रिफ्रॅक्टोमीटर, रसातली गोडी म्हणजे ब्रिक्स मोजायची. आता आबांकडं ऊस नाही. दोन एकर रब्बी ज्वारी, कडेनं करडईची तासं, थोडा गहू, आणि शेवटच्या वेचणीला आलेला कापूस. म्हणलं, "आबा, हे कशाला?"

"आरं, पानाचा ब्रिक्स मोजायचा. बाराच्या वर गेला की मावा येतच नाही म्हणं. किडीला साखर पचत नसती."

मावा म्हणजे झाडाचा रस पिणारी बारीक कीड. आबांनी फोन पुढं केला. फॉरवर्डेड मेसेज, त्यात लिहिलेलं की किडीला स्वादुपिंड नसतं, त्यामुळं गोड रस पिला की तिच्या पोटात दारू तयार होते आणि ती मरते, म्हणून पीक गोड करा अन् फवारणी बंद करा. खाली अर्थातच बाटलीचा फोटो आणि फोन नंबर.

गंमत अशी की त्याच दिवशी पारावर एक जण ठासून सांगत होता की यंदा ज्वारीत गोडी लई भरली म्हणूनच चिकटा, म्हणजे पानावरचा चिकट थर, पडला. म्हणजे एकाच गावात एक म्हणतो गोडीनं कीड येते, दुसरा म्हणतो गोडीनं कीड पळते. मी परभणीला ॲग्री केलंय, कीटकशास्त्राचा पेपर दुसऱ्या झटक्यात निघाला ही गोष्ट वेगळी, पण घरात असले प्रश्न माझ्याकडंच येतात. तर यावेळी नीट बसून वाचलं आणि आबांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

झाडाची नळयोजना आधी बघू

झाडात दोन पाइपलाइनी असतात हे आपण सातवी-आठवीत शिकलोय आणि विसरलोय. एक जलवाहिनी, ती मुळापासून पाणी आणि क्षार वर नेते, त्यात साखर जवळजवळ नसतेच. दुसरी रसवाहिनी. पानात उन्हावर साखर बनते, ती इथून कणसाला, बोंडाला, मुळाला, जिथं लागेल तिथं पोचवली जाते. ही साखर बहुतेक पिकांत सुक्रोज असते, म्हणजे चहात टाकतो तीच.

किती असते? पुष्कळ पिकांच्या रसवाहिनीत शंभर मिलीला १५ ते २० ग्रॅमच्या आसपास. आता घरात कुणाला शुगर असेल तर रिपोर्ट आठवा, उपाशीपोटी १०० मिलिग्रॅम म्हणजे शंभर मिली रक्तात ०.१ ग्रॅम. म्हणजे माव्याच्या ताटात येणारा रस आपल्या रक्तापेक्षा दीडशे-दोनशे पट गोड. आणि मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ही मंडळी जन्मभर मुख्यतः याच रसावर जगतात. तुडतुडे याच कुळातले, पण ते पानाच्या पेशी फोडूनही रस ओढतात. फुलकिडे मात्र पान खरवडून रस शोषतात, त्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांना इथं धरत नाही.

तेव्हा साखर पचत नाही ही गोष्ट इथंच निम्मी संपली. मधमाशी मधावर जगते, तिला कुठं माणसासारखं स्वादुपिंड आहे? पण निम्मीच संपली म्हणतोय, कारण त्या मेसेजमध्ये एक खरा तुकडा चुकून सापडतो. त्याच्याकडं येतो पुढं.

सोंड आत जाते तेव्हा काय होतं

मावा पानावर बसला की लगेच पाइपलाइनला तोंड लावत नाही. त्याची सोंड केसापेक्षा बारीक, ती पेशींच्या मधल्या फटीतून वाट काढत आत सरकते, आणि वाटेत लागेल त्या पेशीला किंचित टोचून चव घेत जाते, थेंबाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी. बोअर घेताना माती कुठली लागली ते बघत बघत खाली जातो ना आपण, मुरूम लागला, खडक लागला, ओल लागली, तसंच. साध्या पेशीतला रस आंबूस आणि कमी गोड. रसवाहिनीतला रस भरपूर गोड, आणि आंबूस नाही, उलट किंचित सोड्याकडं झुकणारा. ही दोन लक्षणं जुळली की माव्याला कळतं, लागलं पाणी. यात अर्धा तास जातो, कधी कित्येक तास जातात.

हे माणसाला कळलं कसं? मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. माव्याच्या पाठीवर सोन्याची अतिबारीक तार चांदीमिश्रित गोंदानं चिकटवतात, दुसरी वायर कुंडीतल्या मातीत. सोंड झाडात गेली की सर्किट पूर्ण होतं आणि सोंडेचं टोक कुठं आहे त्यावर करंट बदलतो. ईसीजीसारखी रेघ निघते, ती बघून जाणकार सांगतात आता हा वाटेत आहे, आता लाळ सोडतोय, आता पितोय. १९६४ पासून ही युक्ती वापरात आहे. त्याच्याही आधी १९५३ मध्ये केनेडी आणि मिटलर या दोघांनी आणखी वेगळंच केलं होतं, पीत बसलेल्या माव्याची सोंड मुळाशी कापली आणि किडा बाजूला काढला, तर झाडात रुतलेल्या सोंडेच्या तुकड्यातून रस आपोआप बाहेर येत राहिला. म्हणजे रसवाहिनीत चांगलं प्रेशर असतं, तोंड लावलं की रस स्वतःच आत ढकलला जातो.

मग साखर बघूनच पीक निवडतो का?

नाही. इथंच सगळ्यांची गफलत होते.

आबांच्या रानात ज्वारी आणि करडई खेटून आहे. परवा मी ज्वारीचं खालचं पान उलटं केलं तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पिवळसर मावा, खच पडलेला, बोट लावलं की चिकट. दोन पावलांवर करडई, तिच्या बोंडाखालच्या दांड्यावर काळा मावा, इतका की दांडा दिसत नव्हता. पण पिवळा करडईवर नाही आणि काळा ज्वारीवर नाही. दोघांचं अंतर किती, तर मधे हात पसरला तर दोन्ही झाडांना लागेल एवढं.

आता ज्वारीच्या रसवाहिनीतही सुक्रोज, करडईच्याही सुक्रोजच. साखरच जर खूण असती तर दोघे कुठंही गेले असते. म्हणजे साखर किड्याला एवढंच सांगते की झाडाच्या आत तू बरोबर नळीपाशी आलास. हे झाड कुठलं, ते साखर सांगत नाही, सांगूच शकत नाही, सगळ्या दुकानांवर एकच पाटी असल्यासारखं आहे ते.

झाड कोणतं ते कळतं दुसऱ्याच गोष्टींनी. आठवडी बाजारात बोरं घेताना आपण काय करतो बघा. लांबून रंग बघतो, जवळ गेलो की वास, मग हात लावून कडक का मऊ, मग एक तोंडात टाकतो, आणि मग अर्धा किलो दे म्हणतो. किडीचंही तसंच. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या-पोपटी रंगाकडं ओढले जातात, कोवळ्या पानाचा तो रंग, म्हणून तर आपले चिकट सापळे पिवळे असतात. मग पानावरची लव. कापसाच्या पानावर दाट लव असली तर तुडतुड्याला अंडी घालायला अडचण होते, पण तीच लव पांढऱ्या माशीला आवडते, म्हणजे एकाला दार लावावं तर दुसऱ्याला उघडं. आणि मग त्या त्या झाडाचं स्वतःचं रसायन. मोहरीचा जो झणका आपल्या नाकात जातो तो ज्या द्रव्यापासून येतो, ते कोबी-मोहरीवरच्या माव्याला उलट बोलावणं वाटतं, ते नसलं तर तो खायलाच बसत नाही. कोवळ्या ज्वारीत गुरांना विषबाधा करणारं द्रव्य असतं हे तर आपल्याकडं पोराटोरांना माहीत आहे, तरी ज्वारीचा मावा आरामात राहतो कारण पिढ्यान् पिढ्या तो त्याच घरचा.

साखर यात शेवटून दुसऱ्या पायरीला येते. मग ती बिनकामाची का? तर तसंही नाही. लॅबमध्ये नुसत्या पाण्यावर मावा पीत नाही, त्यात साखर घातली की पितो. साखर ही प्यायला लावणारी गोष्ट आहे. निवड आधी झालेली असते, साखर फक्त "सुरू कर" म्हणते.

आणि निवड करतं कोण हेही बघा. पांढऱ्या माशीचं पिल्लू अंड्यातून निघून थोडं सरकतं आणि एकदा सोंड रोवली की माशी होईपर्यंत तिथंच चिकटून राहतं, त्यामुळं आईनं पान चुकीचं निवडलं तर पिल्लाचं वाटोळं. माव्यात पंखवाली मादी येते, टोचून बघते, पटलं तर नराशिवायच थेट पिल्लं टाकायला लागते, अंडी नाहीत काही नाही. म्हणूनच सोमवारी चार दिसले आणि पुढच्या सोमवारी पान भरलं असं होतं.

त्या मेसेजमधला खरा तुकडा

लोणच्याला मीठ लावलं की कैरीला पाणी सुटतं, मुरांब्याला साखर घातली तरी सुटतं. दाट पाक बाहेर असला की आतलं पाणी ओढून घेतो. माव्याच्या पोटात तोच पाक पडतोय, त्याच्या अंगातल्या द्रवापेक्षा कितीतरी दाट. हिशोबानं त्याच्या अंगातलं पाणी पोटात ओढलं जाऊन तो वाळून मेला पाहिजे. मरत का नाही?

कारण पाणी ओढणं हे साखर वजनानं किती यावर नसतं, कण किती यावर असतं. खिशात दहा रुपये एकेकाची नाणी असतील तर दहा नग, तेच दहाचं एक नाणं असेल तर एक नग, रक्कम तीच. माव्याच्या पोटात एक पाचक रस आहे, तो सुक्रोजचे दोन तुकडे करतो, एक तुकडा अंगात घेतो, दुसरे तुकडे एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतो. नग कमी झाले, ओढ कमी झाली, साखळ्या मागून बाहेर टाकल्या. वर तहान लागलीच तर मधेच सोंड जलवाहिनीत घालून साधं पाणीही पितो, आपण नाही का लग्नात जिलेबीवर पाणी पीत.

आता खरा तुकडा. डायबिटीसवर ॲकार्बोज नावाचं औषध असतं, आपल्या आतड्यात साखर फोडणारे रस ते अडवतं. शास्त्रज्ञांनी हे औषध माव्याला गोड पाकातून पाजलं. पाक दाट होता तिथं मावे पाणी कमी होऊन मेले, पाक पातळ होता तिथं काही झालं नाही. म्हणजे साखर माव्याला मारू शकते, पण त्याचं ते पोटातलं मशीन बंद पाडलं तरच. आणि दारूबिरू काही तयार होत नाही. (आबांनी लगेच विचारलं की मग काकूच्या गोळ्या पंपात टाकू का. नाही आबा. पानावर मारलेली गोळी रसवाहिनीत उतरेलच असं नाही, आणि गोळ्यांचं बिल कोण देणार.)

चिकटा म्हणजे नेमकं काय

आपल्याकडं ज्वारीवर "चिकटा पडला" म्हणतात, जणू वरून पडला. तो वरूनच पडतो म्हणा, वरच्या पानाच्या पाठीला बसलेल्या माव्याच्या मागून खालच्या पानावर. ती त्या साखळ्यांची आणि उरलेल्या साखरेची पातळ धार. मग तिच्यावर काळी बुरशी चढते, पान काळं पडतं, ऊन मिळत नाही, कडबाही खराब, जनावर नाक मुरडतं. मुंगळे वर चढताना दिसले तर समजायचं पानाखाली दुकान लागलंय, ते मावा खात नाहीत, गोड पाणी चाटतात आणि बदल्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. कापसावर पांढऱ्या माशीचा असाच चिकटा रुईवर पडला तर सूतगिरणीत धागा रुळाला चिकटतो आणि चिकट कापसाला भाव मिळत नाही. पांढरी माशी ट्रेहॅल्युलोज नावाची वेगळीच साखर बनवून टाकते, ती सुक्रोजपेक्षा जास्त चिकट वाटते.

पण प्रश्न असा की एवढी साखर प्यायची आणि मग बाहेरच टाकायची, तर एवढी पितोच कशाला?

पातळ वरणाचा हिशोब

भंडाऱ्यात शेवटच्या पंगतीला वरण कसं असतं माहितीय, पाणी भरपूर आणि डाळ शोधावी लागते. ज्याला डाळच पाहिजे त्यानं काय करावं, दहा वाट्या प्यायच्या. माव्याचं तसं आहे. त्याला अंग वाढवायला, पिल्लं टाकायला नत्र लागतं, ते रसात अमिनो आम्लाच्या रूपात असतं (प्रोटीनच्या विटा म्हणा) आणि ते फार थोडं असतं, त्यातही गरजेच्या विटा कमीच. काही विटा तर त्याच्या अंगातल्या पेशींत राहणारे बुकनेरा नावाचे जिवाणू बनवून देतात, दोघं एकमेकांशिवाय जगत नाहीत. बाकीसाठी रस उपसत राहायचं, वीट वीट काढून घ्यायची आणि साखर फेकायची. चिकटा हा त्या उपशाचा गाळ.

म्हणजे थांबायचं का उडून जायचं हा निर्णय गोडीवर कमी आणि विटांवर जास्त होतो. रसात अमिनो आम्ल जास्त असतं दोन वेळेला, पान कोवळं वाढत असताना आणि पान म्हातारं होऊन त्यातलं सामान परत काढून घेतलं जात असताना. मोसंबीच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, सायला ही रस पिणारी कीड का येते आणि ज्वारीचा मावा खालच्या जुन्या पानावर का सुरू होतो, दोन्हीचं उत्तर बरंचसं यात आहे. तिसरी वेळ आपण स्वतः आणतो, युरिया टाकून. पीक काळंशार दिसतं, शेजारी विचारतो काय टाकलं, आपण खूश, आणि माव्याच्या पंगतीत वरण दाट झालेलं असतं.

पावसाचा खंड

आपल्याकडं हा मुद्दा सोडून चालणारच नाही. पाणी कमी पडलं की झाडातला रस दाट होतो, अमिनो आम्लंही वाढतात. मग दुष्काळात मावा वाढायला पाहिजे. कधी वाढतो, कधी एकदम कमी होतो, शेतकरी म्हणतो याचं काही खरं नाही. कारण रस दाट झाला तरी नळीतलं प्रेशर उतरतं. टाकीत पाणी तळाला गेल्यावर नळाला करंगळीएवढी धार येते तसं, माल चांगला पण येतच नाही. सतत ताण राहिला तर रस शोषणारी कीड बहुतेक वेळा मागं हटते. ताण, मग एक पाऊस किंवा पाण्याची पाळी, मग पुन्हा ताण, अशा झटक्यांत मात्र तिची चांदी, ताणात रस पौष्टिक झाला आणि पाणी आलं की प्रेशरही आलं. जुलै-ऑगस्टमधला आपला खंड आणि नंतरची झोड अगदी असाच नमुना आहे, आणि त्यात पाऊस उघडला की लोक पहिलं काम युरियाचं करतात.

"पण आमचा ब्रिक्स जास्त होता अन् कीड नव्हती, डोळ्यानं बघितलंय"

बघितलं असेल, खोटं म्हणत नाही. पण रिफ्रॅक्टोमीटर काय मोजतो ते बघा. आपण पान चुरगाळून रस काढतो, त्यात सगळ्या पेशींचा रस आला, क्षार आले, आम्लं आली, रसवाहिनीचा वाटा त्यात नखभर. उसाच्या कांड्यात बहुतेक साखरच असते म्हणून तिथं तो आकडा कामाचा, पानात तसं नाही. आबांच्या त्याच झाडाचा सकाळी आलेला आकडा दुपारी चारला वर सरकला होता, कारण दिवसभर ऊन खाऊन पानानं साखर बनवली. पाणी तोडलं तरी तो वाढतो. मग सकाळी कीड येणार आणि चारला पळून जाणार का?

दुसरं, पिकात नत्राचा अतिरेक झाला की झाड साखर खर्चून अमिनो आम्लं बनवतं. साखर उतरते, विटा वाढतात. नत्र बेतात असलं की उलट. म्हणजे जास्त ब्रिक्स आणि कमी कीड एकत्र दिसू शकतात, पण कीड कमी झाली ती बहुधा नत्र बेतात होतं म्हणून. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरानं गाडी चालत नाही, दोन्ही बरोबर असतात एवढंच.

आणि उसाचं उदाहरण घ्या ना, ब्रिक्स म्हणलं की पहिला ऊस. २००२ मध्ये महाराष्ट्रात लोकरी मावा आला तेव्हा उसाची पानं पांढरीफट झाली होती. गोडीनं पळायचा असता तर तिथंच पळाला असता. शेवटी त्याला आवरायला मोठा हात लागला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा.

"मग बीटी कापसाला तरी का येते ही कीड?" हेही विचारतात. बीटीचं प्रोटीन बोंडअळीच्या आतड्यासाठी आहे, रस पिणाऱ्याशी त्याचं देणंघेणं नाही. विषय संपला.

गुळाचं पाणी मारावं का?

मधमाशी, ढालकिडे यावेत म्हणून आपल्याकडं मारतात, त्यावर माझं भांडण नाही. परदेशात साखरेच्या फवारणीवर काम झालंय, शंभर लिटर पाण्यात जेमतेम १० ग्रॅमपर्यंत, म्हणजे दोन चमचे. युरोपात तिला परवानगीही आहे, पण ती मुख्यतः सफरचंदातल्या आणि मक्यातल्या अळीसाठी. पतंगाची मादी अंडी घालताना पानावरची साखर पायानं चाखते, ती गडबडते, शिवाय झाडाचा स्वतःचा बचावही जागा होतो. माव्याला हे लागू नाही, तो पानावरचं चाटत नाही, आत पितो. आणि दोन चमच्यांच्या जागी दोन किलो गूळ टाकला तर आपणच चिकटा पाडला की.

हे सगळं सांगून झालं तेव्हा आम्ही बांधावरच होतो. आबांनी ज्वारीचं एक पान उलटं केलं, नखानं चिकटा खरवडला आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर लावून डोळा मिटून बघितलं. काय आकडा आला ते सांगितलं नाही. नळी पुसून खिशात टाकली आणि म्हणाले, "परवा कॅनॉलची पाळी हाय. युरियाच्या दोन गोण्या काढून ठेवल्यात गव्हाला."

म्हणलं, "मग?"

"एक राहू दे घरी."